व्हाईट स्पॉटची चाचणी तळ्याच्या बांधावर: लॅम्प पद्धत टप्प्याटप्प्याने कशी उभी करावी

कोळंबीच्या व्हाईट स्पॉट रोगाच्या लॅम्प चाचणीबद्दल दर हंगामात मला येणारे फोन साधारण एकाच साच्याचे असतात. लॅम्प म्हणजे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) आणि एन्झाइम वापरून, गरम ठोकळ्यात एकाच तापमानाला विषाणूच्या डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत. प्रती वाढल्या की नळीचा रंग बदलतो, बहुतेकदा निळा होतो. नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेली नळी मात्र बदलायला नको. "प्रायमर पेपरमधलेच घेतलेत, एन्झाइम नवीन आहे, ठोकळा ६५ वर आहे, तरी पाण्याची नळीसुद्धा निळी होते." नाहीतर नेमकं उलट: "कोळंबी कडेला येऊन मरतेय आणि चाचणी निगेटिव्ह!" फोन करणाऱ्यांत मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन नुकती बाहेर पडलेली मुलं असतात, तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवणारे असतात, आणि चार-पाच तळीवाल्यांनी वर्गणी काढून घेतलेल्या सामानासमोर बसलेला एखादा सुपरवायझरही असतो. यांतल्या बहुतेकांचं रसायन ठीक असतं, चुकलेला असतो तो क्रम. प्रायमर मागवायची घाई आधी होते, आणि नमुना कशाचा घ्यायचा याचा विचार मर लागल्यावर, बांधावर उभं राहून होतो. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा.

हा लेख व्हेनामी आणि टायगर कोळंबीतल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूपुरता आहे. हा डीएनए विषाणू आहे, जीनोम सुमारे ३ लाख बेसजोड्यांचा. त्यामुळे आरएनएचं डीएनएत रूपांतर करायची पायरी इथे लागत नाही आणि शिकायला तो सोपा पडतो. तळ्यात रोग भडकला की ३ ते १० दिवसांत जवळजवळ सगळं तळं साफ होऊ शकतं. चेन्नईच्या लॅबला पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत बऱ्याचदा जाळं ओढून झालेलं असतं. बांधावरच्या चाचणीचा उपयोग तेवढ्यासाठीच.

## १. आधी प्रश्न ठरवा

"व्हाईट स्पॉट आहे का?" हा एक प्रश्न नाही, दोन आहेत.

पहिला बी घेताना विचारायचा. पिशव्या आल्यात, पीएल (पोस्ट लार्व्हा, म्हणजे कोळंबीची पिल्लं) वरकरणी चपळ आहेत, यातल्या शंभरात दोघींतही विषाणू असेल तर मला तो सापडेल का? दुसरा तळ्यात मर दिसल्यावरचा. समोर मरणारी कोळंबी आहे, ती याच रोगाने मरतेय का? दुसऱ्या प्रश्नाला पाच-सहा आजारी जनावरं पुरतात, कारण आजारी कोळंबीत विषाणू खच्चून भरलेला असतो. पहिल्या प्रश्नाला मात्र आकडा लागतो, आणि तिथेच लोक कंजुषी करतात.

हिशेब सरळ आहे. शंभरात २ बाधित असतील आणि तुम्ही १० पीएल तपासल्या, तर त्यांत एकतरी बाधित सापडण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. पाच वेळा तपासलंत तर चार वेळा चुकीचं समाधान. हीच शक्यता ९५ टक्क्यांवर न्यायची तर १५० पीएल घ्याव्या लागतात. शंभरात ५ बाधित असतील तर ६० पुरतात, १० असतील तर ३०. चाचणी कितीही बारीक असली तरी नळीत न गेलेली कोळंबी ती तपासू शकत नाही.

१५० पीएल म्हणजे १५० नळ्या नव्हेत. पन्नास-पन्नासचे तीन गट करा. पण मग एका बाधित पीएलचा डीएनए ४९ निरोगींच्या गर्दीत पातळ होतो. तेवढ्या गर्दीतही चाचणीला तो सापडतो की नाही, हे आठव्या टप्प्यात मुद्दाम तपासायचं आहे.

तपासा: पुढे जाण्यापूर्वी एका वाक्यात लिहून काढा: कोणत्या वयाची कोळंबी, किती नग, निकाल कितीव्या मिनिटाला हवा, आणि निकाल आल्यावर मालक नेमकं काय करणार. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर चाचणी करू नका, पैसे वाचतील.

## २. तीन जागा, एकाच दिशेची वाट

लॅम्प पद्धतीत एका नळीत लक्ष्य डीएनएच्या अब्जावधी प्रती तयार होतात. अशी नळी एकदा उघडली की त्या प्रती हवेत, टेबलावर, पिपेटच्या दांड्यावर आणि तुमच्या बाहीवर जातात. पुढच्या फेरीत त्यांतल्या मूठभर जरी नळीत शिरल्या तरी पाणीसुद्धा पॉझिटिव्ह येतं.

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आमच्याकडे एकच खोली आणि एकच टेबल होतं, डोक्यावर पंखा. खात्री करायची म्हणून प्रत्येक फेरीनंतर नळ्या उघडून जेलवर चालवत होतो. तिसऱ्या आठवड्यात पाण्याची नळी निळी झाली. पिपेट चुकलं असेल म्हणून मी ती सोडून दिली. त्याच फेरीत एका तळ्याचा नमुना पॉझिटिव्ह आला. मालकाने दुसऱ्या दिवशी पहाटे जाळं टाकलं आणि ११-१२ ग्रॅमची कोळंबी मिळेल त्या भावाला दिली. जपून ठेवलेला जोडनमुना नंतर दुसऱ्या लॅबने तपासला, निगेटिव्ह निघाला. शेजारच्या तळ्यातली त्याच बियाची कोळंबी २० ग्रॅमच्या पुढे गेली. तो माणूस रस्त्यात भेटला की अजून हात वर करतो, पण चहाला थांब म्हणत नाही.

तीन जागा अशा:

पहिली, स्वच्छ जागा. इथे फक्त मिश्रण तयार होतं. ना कोळंबी, ना प्लाझ्मिड (विषाणूचा तुकडा जोडलेला गोल डीएनए, तो आठव्या टप्प्यात येतो). एका कोपऱ्यात ॲक्रिलिकची पेटी करून घेतली तरी चालते.

दुसरी, नमुन्याची जागा. इथे कोळंबी कापायची, डीएनए काढायचा, मिश्रणात घालायचा, झाकण लावायचं.

तिसरी, ठोकळ्याची जागा. शक्यतो दुसरी खोली, नाहीतर पडवी. इथे गेलेली नळी परत कधीच आत येत नाही आणि कधीच उघडली जात नाही.

प्रत्येक जागेचं पिपेट वेगळं, टिप्सचा डबा वेगळा, ॲप्रन वेगळा. टिप्स फिल्टरवाल्याच घ्या. टेबल रोज ताज्या केलेल्या १० टक्के ब्लीचने पुसा, दहा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. आपल्याकडच्या उकाड्यात ब्लीच लवकर उतरतं, मागच्या आठवड्याची बाटली म्हणजे नुसतं वासाचं पाणी.

सावधान: विकतच्या डीएनए किटमध्ये ग्वानिडिन असेल तर त्यावर किंवा त्याच्या सांडलवंडीवर ब्लीच ओतू नका. विषारी वायू निघतो.

सावधान: पंखा बंद. एप्रिल-मे महिन्यात हे बोलायला सोपं आहे, ठाऊक आहे. मिश्रणाचं काम पहाटे उरका.

## ३. नमुना: काय घ्यायचं, काय टाकायचं

पांढरे ठिपके पाहून निदान करू नका. व्हेनामी बऱ्याचदा ठिपके दिसायच्या आतच मरते, अंग फक्त लालसर होतं. उलट काही जिवाणूंमुळेही कवचावर ठिपके येतात आणि तळं मात्र ठीक असतं.

कडेला येऊन सुस्त पोहणारी, जिवंत कोळंबी घ्या. तळाशी मरून पडलेली, गुलाबी पडलेली नको, तिचा डीएनए कुजायला लागलेला असतो. मोठ्या कोळंबीचे पोहण्याचे पाय किंवा कल्ले घ्या. डोळे कटाक्षाने टाळा, त्यातले घटक डीएनए वाढवणाऱ्या एन्झाइमला अडवतात. यकृतग्रंथीही नको. हा विषाणू त्या ग्रंथीच्या नलिकांत नीट वाढत नाही आणि तिथले पाचकरस डीएनए खातात. डोकं मोठं म्हणून तेच ठेचून घेणारे सगळे इथे फसतात. पीएल पूर्ण घ्यायच्या, पण जरा मोठ्या असतील तर डोळ्यांचा भाग ब्लेडने उडवून.

आता सगळ्यांकडून राहून जाणारी गोष्ट. तुकडा ऊर्ध्वपातित पाण्यात दोनदा खळबळा. खाडीच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतं, आणि आपल्या चाचणीचा रंग त्यांवरच नाचतो. शुद्ध समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम सुमारे ५३ मिलिमोलर असतं. असं १ मायक्रोलिटर पाणी २५ मायक्रोलिटरच्या नळीत गेलं तर मॅग्नेशियम २ मिलिमोलरने चढतं. भरतीचं पाणी घेतलेल्या तळ्याचा नमुना आणि मुसळधार पावसानंतरचा नमुना वेगळा वागतो, तो यामुळे.

प्रत्येक नमुन्याची जोडी करा. एक आत्ता तपासायला, दुसरा ९५ टक्के इथेनॉलमध्ये, तुकड्याच्या दहापट इथेनॉल. फॉर्मेलिनमध्ये अजिबात नको, त्याने डीएनए बांधला जातो. बाटलीवर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत टाका. मार्करचं लिखाण इथेनॉलच्या एका थेंबाने जातं.

थंड ठेवायला बंदरावरच्या कारखान्यातला बर्फ उत्तम आणि स्वस्त. फक्त नळ्या झिपच्या दोन पिशव्यांत घाला. वितळलेल्या त्या बर्फात काय काय असतं ते मासळी उतरताना पाहिलेल्याला सांगायला नको.

तपासा: चिमटा आणि कात्री प्रत्येक तळ्याला वेगळी, किंवा मधे ब्लीच आणि पाण्यातून काढलेली. एकाच कात्रीने चार तळी म्हणजे चार तळ्यांचा एक नमुना.

## ४. डीएनए काढणं

बांधावर कॉलमवाला किट परवडत नाही आणि गरजही नाही. ५० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि ०.०२५ टक्के एसडीएस (एक डिटर्जंट) असं द्रावण करा. त्यात पायाचा तांदळाएवढा तुकडा प्लास्टिकच्या मुसळीने चेचा, ५ ते १० मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, लगेच बर्फात. गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी घ्या. सेंट्रिफ्यूज असेल तर उत्तम, नसेल तर दहा मिनिटं न हलवता ठेवा.

मग ते वरचं पाणी १:१० पातळ करा. ही पायरी गाळू नका. न पातळ केलेल्या अर्कात अल्कली, एसडीएस आणि कोळंबीचे रंगद्रव्य तिन्ही असतात, आणि तिन्ही आडवी येतात.

प्रत्येक फेरीत एक नळी अशी न्या जिच्यात कोळंबीच नाही, नुसतं द्रावण, बाकी सगळे सोपस्कार तेच. हिला आम्ही "कोरी नळी" म्हणतो. पाण्याची नळी मिश्रणाची चूक पकडते, कोरी नळी नमुन्याच्या जागेची.

## ५. लक्ष्य आणि प्रायमर

विषाणूच्या जीनोममध्ये काही भाग प्रदेशाप्रदेशाला बदलतात. ओआरएफ म्हणजे जीनोममधले क्रमांक दिलेले जनुकांचे भाग. ओआरएफ१४/१५ आणि ओआरएफ२३/२४ या भागांत मोठे तुकडेच गळालेले असतात, तर ओआरएफ७५, ९४ आणि १२५ मध्ये पुनरावृत्तींची संख्या बदलते. हे भाग विषाणूचे प्रकार ओळखायला वापरतात, निदानाला नाही. बाह्यावरणाच्या प्रथिनाचं व्हीपी२८ हे जनुक बरंच स्थिर असतं. सुरुवात तिथून करा.

लॅम्पसाठी आपण सहा प्रायमर वापरतो: एफ३, बी३, एफआयपी, बीआयपी आणि दोन लूप. 'प्रायमर एक्सप्लोरर' हे मोफत सॉफ्टवेअर संच काढून देतं. ते देईल तो पहिला संच मागवून मोकळे होऊ नका. किमान तीन संच मागवा, तिघांची शर्यत लावा. एफआयपी आणि बीआयपी साधारण ४० बेसचे लांबलचक असतात. ते एचपीएलसीने शुद्ध केलेले घ्या, बाकीचे साधे चालतात. इथे पैसे वाचवलेत तर पुढे तिप्पट जातात, कारण अर्धवट तुकडे आपसांत जुळून रिकाम्या नळीत खोटा डीएनए वाढवतात.

दुसरा संच कोळंबीच्या स्वतःच्या जनुकाचा, उदाहरणार्थ ॲक्टिन. नमुन्यात डीएनए आलाय आणि एन्झाइमला अडथळा नाही, हे तो सांगतो. ॲक्टिनची नळी वाढली नाही तर विषाणूची नळी काय सांगते याला काही अर्थ नाही.

तपासा: प्रत्येक संचाच्या २० पाण्याच्या नळ्या ९० मिनिटं चालवा. पहिली खोटी निळी कधी होते ते लिहा. समजा ७२ व्या मिनिटाला झाली, तर तुमचा निकाल ४५ मिनिटांवर थांबवा. त्यानंतर रंग बदलला तरी तो मोजायचा नाही. नळी ठोकळ्यात विसरून जेवायला जाणारे "उशिरा पॉझिटिव्ह" घेऊन येतात, ते हेच.

## ६. मिश्रण आणि रंगाचा दगा

२५ मायक्रोलिटरच्या नळीसाठी सुरुवातीला हे प्रमाण धरा: ट्रिस २० मिलिमोलर (पीएच ८.८), पोटॅशियम क्लोराइड १०, अमोनियम सल्फेट १०, मॅग्नेशियम सल्फेट ८, प्रत्येक डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक) १.४ मिलिमोलर, बीटेन ०.८ मोलर, ट्वीन-२० ०.१ टक्का, डीएनए वाढवणारं बीएसटी एन्झाइम ८ युनिट. एफआयपी-बीआयपी १.६ मायक्रोमोलर, एफ३-बी३ ०.२, लूप ०.८. नमुना २ मायक्रोलिटर. मॅग्नेशियम ६ ते ८ मध्ये आणि तापमान ६० ते ६५ मध्ये फिरवून आपल्या संचाला काय मानवतं ते बघा.

रंगाला दोन पर्याय सर्रास वापरतात, आणि खरा घोटाळा इथे आहे.

फिनॉल रेड गुलाबीचं पिवळं होतं. डीएनए वाढताना आम्ल सुटतं, त्यावर ते चालतं. त्यासाठी मिश्रणात ट्रिस जवळजवळ नसावं लागतं. आता आठवा, आपण डीएनए सोडियम हायड्रॉक्साइडने काढलाय. न पातळ केलेल्या अर्काचे २ मायक्रोलिटर घातले तर नळीत ४ मिलिमोलर अल्कली जाते. डीएनए कितीही वाढो, सुटणारं आम्ल त्या अल्कलीतच संपतं आणि नळी गुलाबीच्या गुलाबी. सुरुवातीला सांगितलेला "मरतेय पण निगेटिव्ह"वाला फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो: रंग कुठला आणि अर्क कशातला? दहापैकी बऱ्याच वेळा उत्तर तिथेच सापडतं. ॲक्टिनची नळी लावली असती तर तीही गुलाबीच राहिली असती आणि चूक लगेच कळली असती.

हायड्रॉक्सीनॅफ्थॉल ब्लू, १२० मायक्रोमोलर, जांभळ्याचं आकाशी होतं. डीएनए वाढताना मोकळं मॅग्नेशियम अडकतं, त्यावर ते चालतं. याला ट्रिस चालतं, त्यामुळे पातळ केलेल्या अल्कलीचा त्रास नाही. माझी पसंती याला. पण याचाही दगा आहे. ईडीटीए असलेल्या बफरमध्ये डीएनए ठेवला असेल तर ईडीटीए मॅग्नेशियम पकडतं आणि नळी सुरुवातीलाच निळसर दिसते. खाडीचं पाणी गेलं तर उलट, जांभळा सुटतच नाही.

तपासा: ठोकळ्यात ठेवण्यापूर्वी सगळ्या नळ्यांचा पांढऱ्या कागदावर, सावलीत फोटो घ्या. सगळ्या एकसारख्या जांभळ्या दिसल्या पाहिजेत. आधीच वेगळी दिसणारी नळी त्याच वेळी बाद करा.

साधं बीएसटी एन्झाइम खोलीच्या तापमानालाही थोडं काम करतं आणि आपल्याकडे खोलीचं तापमान ३३ असतं. मिश्रण बर्फावरच करा, किंवा गरम झाल्यावरच जागं होणारं 'वॉर्मस्टार्ट' प्रकारचं एन्झाइम घ्या.

## ७. ठोकळा, वीज आणि फ्रीज

पीसीआर यंत्र नको. भोकं पाडलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा, हीटर, तापमान नियंत्रक आणि वर थर्माकोलची टोपी. कुडाळ-चिपळूणच्या कुठल्याही लेथवर ठोकळा होतो. एक गोष्ट सोडू नका: पडद्यावरचं तापमान हे ठोकळ्याचं असतं, नळीतलं नव्हे. एका नळीत पाणी भरून त्यात बारीक थर्मोकपल घाला आणि मधल्या व चारही कोपऱ्यांच्या भोकांत मोजा. दोन अंशांचा फरक सहज निघतो. कोपऱ्यातल्या नळ्या नेहमी निगेटिव्ह येण्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

झाकण गरम नसेल तर पाण्याची वाफ झाकणाला लागते आणि खालचं मिश्रण घट्ट होतं. वर २० मायक्रोलिटर मिनरल ऑइल घाला. खोबरेल तेल घालून पाहिलेला एक जण मला भेटला आहे. त्यातल्या स्निग्धाम्लांनी फिनॉल रेड बसल्या बसल्या पिवळं झालं.

विजेवर विसंबू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती. तेवढं टोकाचं सोडा, पावसाळ्यात रोजचाच लपंडाव असतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास. लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरावी, म्हणजे ४२. तापवण्यासह एका फेरीला १५ वॉट-तास लागले तर दोन फेऱ्या नक्की, तिसरी नशिबावर.

फ्रीजरमध्ये पाणी गोठवलेली एक छोटी बाटली ठेवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं. तुम्ही गावाला गेलात, मधे वीज गेली आणि परत आली, तर नाणं तळाशी गेलेलं दिसेल. असं झालं की त्यातलं एन्झाइम पॉझिटिव्ह नियंत्रणावर (विषाणूचा डीएनए मुद्दाम घातलेल्या नळीवर) तपासल्याशिवाय वापरायचं नाही. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर या कामाला वाईट, तो रोज थोडा गरम होतो.

## ८. चाचणीची हद्द शोधणं

हा टप्पा गाळून लोक थेट बांधावर जातात. ज्याला "चाचणी विकसित करणं" म्हणतात ते खरं तर इथेच घडतं, म्हणून याला महिनाभर द्या.

पॉझिटिव्ह नियंत्रणासाठी व्हीपी२८ चा तुकडा असलेलं प्लाझ्मिड लागतं. ते दुसऱ्या इमारतीत पातळ करून घ्या. ३,५०० बेसजोड्यांच्या प्लाझ्मिडच्या एका नॅनोग्रॅममध्ये सुमारे २६ कोटी प्रती असतात. मूळ नळीचं झाकण तुमच्या लॅबमध्ये एकदा उघडलं, तर पुढचे कित्येक दिवस तुम्ही तेच प्लाझ्मिड शोधत बसाल. तुमच्याकडे यावं ते मायक्रोलिटरला हजार प्रतींपेक्षा पातळ करूनच. इतका पातळ डीएनए प्लास्टिकला चिकटतो, म्हणून पातळ करताना पाण्यात थोडा यीस्टचा टीआरएनए घाला.

आता निरोगी कोळंबीच्या अर्कात, नुसत्या पाण्यात नव्हे, प्रति नळी १,०००, ३००, १००, ३०, १० अशा प्रती घाला. प्रत्येक पायरीला २० नळ्या. ज्या सगळ्यांत खालच्या पायरीला २० पैकी किमान १९ निळ्या होतात, ती तुमची हद्द. "आमची चाचणी १० प्रती पकडते" असं म्हणणाऱ्याला विचारा, किती नळ्यांत? बहुतेकदा उत्तर "तीनपैकी दोन" असं येतं.

मग गटाची परीक्षा. ४९ निरोगी पीएलमध्ये एक बाधित घालून असे दहा गट करा. नऊ-दहा सापडले तर ५० चा गट ठेवा, नाहीतर २५ वर या.

नंतर खऱ्या नमुन्यांची तुलना, नेस्टेड किंवा रिअल-टाइम पीसीआरशी. नमुन्यांवर आकडे दुसऱ्याने टाकायचे, यादी त्याच्याच खिशात. तळं माहीत असलं की डोळा आपोआप निळा बघतो. निगेटिव्ह नमुनेही भरपूर घ्या. ६० निरोगी नमुने बरोबर निगेटिव्ह आले म्हणून चूक शून्य होत नाही. ढोबळ नियम असा, तीनला नमुन्यांच्या संख्येने भागा: ३ भागिले ६०, म्हणजे खरी चूक ५ टक्क्यांपर्यंत असू शकते. २० नमुन्यांवर "शंभर टक्के अचूक" छापणाऱ्यांची चूक १५ टक्क्यांपर्यंत असू शकते.

तपासा: आजारी पण व्हाईट स्पॉट नसलेली कोळंबीही या यादीत हवी, व्हिब्रिओ या जिवाणूची, ईएचपी या सूक्ष्म परजीवीची. नाहीतर तुम्ही फक्त "आजारी की धडधाकट" एवढंच ओळखताय.

## ९. स्वस्त कुठे करायचं

१६ भोकांच्या ठोकळ्यात चार नळ्या नियंत्रणांच्या: पाणी, कोरी, निरोगी कोळंबी, आणि हद्दीच्या तिप्पट प्रतींचा कमजोर पॉझिटिव्ह. उरलेल्या १२ मध्ये प्रत्येक नमुन्याला दोन, विषाणू आणि ॲक्टिन. म्हणजे सहा नमुने. एका निकालामागे जवळजवळ पावणेतीन नळ्यांचा खर्च. हे पाहिलं की पहिला हात नियंत्रणांवर पडतो. तिथे कात्री लावू नका. नमुने साठवून एकदम सहा चालवा, किंवा नळीचं आकारमान २५ वरून १५ मायक्रोलिटर करा आणि हद्द पुन्हा मोजा.

वाळवलेल्या नळ्या करायचा मोह सगळ्यांना होतो. पहिल्या हंगामात करू नका. बाजारातल्या साध्या एन्झाइममध्ये निम्मं ग्लिसरॉल असतं आणि ग्लिसरॉल असलेलं मिश्रण नीट वाळतच नाही, चिकट गोळा राहतो. ग्लिसरॉलविरहित एन्झाइम वेगळं मागवावं लागतं, त्यात ट्रेहॅलोज घालावं लागतं. एवढं जमलं तरी जुलैतल्या हवेत उघडी राहिलेली पट्टी काही मिनिटांत ओल धरते. ॲल्युमिनियमची पाकिटं, आत रंग बदलणारं सिलिका जेल, आणि एका पाकिटात एकाच फेरीपुरत्या नळ्या. तोपर्यंत मिश्रण भरून गोठवलेल्या पट्ट्या बर्फातून न्या, एका दिवसाच्या कामाला पुरतं.

## १०. बांधावरचा दिवस

निघण्यापूर्वी मिश्रण भरून झालेलं असावं. गाडीत नमुन्याचं सामान आणि ठोकळा वेगवेगळ्या डब्यांत. ठोकळा आधी चालू करा, तो तापेपर्यंत नमुना घेऊन होतो. रंग दोघांनी वेगवेगळा वाचायचा, एकमेकांना न सांगता लिहायचा. दोघांचं जुळलं नाही तर पुन्हा.

निकालाचे शब्द तीनच: पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, अमान्य. पाणी किंवा कोरी निळी झाली, कमजोर पॉझिटिव्ह जांभळा राहिला, निरोगी कोळंबी निळी झाली, तर सगळी फेरी अमान्य. फक्त ॲक्टिन आला नाही तर तेवढा नमुना अमान्य. मालक शेजारी उभा असतो, विडी विझलेली असते, आणि "अंदाजे काय वाटतं?" असं विचारतो. अंदाज सांगायचा नाही. "फेरी बाद झाली, दीड तास लागेल" एवढंच.

पॉझिटिव्ह आला तर इथेनॉलमधला जोडनमुना त्याच दिवशी मान्यताप्राप्त लॅबकडे रवाना करा. कोळंबी काढायची की थांबायचं हे मालक ठरवेल. पण उघाडी (तळ्यात पाणी घ्यायची-सोडायची झडप) लगेच बंद करायला सांगा. पाणी खाडीत सोडायचं नाही, ते अडवून ब्लीचिंग पावडरने मारायचं, कारण पुढच्या भरतीला तेच शेजाऱ्याच्या तळ्यात जातं. जाळी आणि चेक ट्रे दुसऱ्या तळ्यावर न्यायच्या नाहीत. मेलेली कोळंबी चुना घालून पुरायची, बांधावर टाकली तर कावळे आणि बगळे ती तळोतळी वाटतात. बांधातल्या कुर्ल्याही (खेकडे) विषाणू बाळगतात, त्या पकडून शेजारच्या तळ्यात सोडणारी पोरं आधी थांबवा.

सावधान: वापरलेल्या नळ्या ऑटोक्लेव्ह करू नका. दाबाने झाकणं उडतात आणि वाढवलेला डीएनए वाफेबरोबर सगळ्या खोलीभर पसरतो. न उघडता झिपच्या दोन पिशव्यांत घाला, लॅबच्या बाहेर ठेवा आणि जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्यांकडे द्या. पिशवी देण्यापूर्वी नळ्या मोजा आणि वहीत आकडा लिहा. सोळा नेल्या असतील तर सोळा भरल्या पाहिजेत. पंधरा भरल्या तर सोळावी कुठेतरी गाडीत, पायाखाली फुटली आहे.